विक्रम मोडतो, मोडीत निघत नाही

प्रश्न आला आहे : बेसबॉलच्या बातमीतल्या ‘ॲरन जजने रॉजर मॅरिसचा ६१ होमरनचा विक्रम मोडीत काढला’ या वाक्यात मोडला, तोडला की मोडीत काढला, योग्य काय? (होमरन म्हणजे फलंदाजाला एकाच फटक्यावर मैदानाची पूर्ण फेरी मारू देणारा फटका; विक्रम एका हंगामातल्या होमरनचा.)

मोडला. ‘तोडला’ हिंदीच्या सवयीचं. मराठीत फांदी तोडतात, लचका तोडतात, पण नियम, शपथ आणि विक्रम मोडतात. त्याहून खटकतं ते ‘मोडीत काढणे’, आणि क्रीडापानावर सारखं तेच छापलेलं असतं. मोडीत काढतात ती चेपलेली घागर : आकाराला किंमत नाही, पितळेचं वजन तेवढं धरायचं. मागे पडलेला विक्रम असा भंगारात जात नाही. बेब रूथचा १९२७ चा ६० होमरनचा विक्रम मॅरिसने १९६१ मध्ये मोडला, तरी बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख अधिकारी, फोर्ड फ्रिक यांनी दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवायला लावल्या, कारण रूथचा हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि मॅरिसचा १६२ चा. ती विभागणी १९९१ पर्यंत टिकली. शिवाय जजने ४ ऑक्टोबर २०२२ ला ६२वा होमरन मारून मोडला तो अमेरिकन लीगचा, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एकीचा विक्रम. दुसऱ्या, नॅशनल लीगमधल्या बॅरी बाँड्सचे २००१ चे ७३ जागच्या जागी आहेत.

खरी गोडी आहे ती ‘विक्रम’ शब्दात. शौर्य, पराक्रम हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडा. वि + क्रम् म्हणजे लांब पाऊल टाकणे. ऋग्वेदातला विष्णू तीन पावलं टाकतो तिथे ‘वि चक्रमे’ असंच क्रियापद आहे. अनुक्रम आणि परिक्रमा याच धातूची भावंडं, आणि होमरनला दोन्ही लागतात! चेंडू कुंपणापार गेला तरी फलंदाजाला चारही बेस, म्हणजे मैदानातले ठरलेले चार टप्पे, क्रमाने शिवावे लागतात. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे फेरी ३६० फुटांची. एखादा बेस राहिला आणि पुढचा चेंडू पडण्याआधी समोरच्या संघाने दाद मागितली, तर फलंदाज बाद. ८ सप्टेंबर १९९८ ला नॅशनल लीगमधल्या मार्क मॅग्वायरने ६२वा मारून मॅरिसला मागे टाकलं, पण आनंदाच्या भरात पहिला बेस न शिवताच तो पुढे गेला. तिथे उभे असलेले प्रशिक्षक डेव्ह मॅके यांनी त्याला मागे बोलावलं. त्याने परत येऊन बेसला पाय लावला, मग फेरी पुरी केली. विक्रम मोडला तो बॅटने आणि पावलांनी मिळून.

‘विक्रम’ऐवजी ‘उच्चांक’च हवा, असा हट्ट धरणारे कोशवाले मला मुळीच पटत नाहीत. शंभर मीटरच्या शर्यतीत सर्वांत कमी वेळ लावणारा जिंकतो, तिथे उच्च काय? आकड्यालाही पावलांचाच आधार लागतो. १९३१ मध्ये लू गेरिगने मारलेला चेंडू प्रेक्षकांत पडून मैदानात परत उसळला. त्याच्या पुढे धावणाऱ्या, त्याच्याच संघातल्या लिन लॅरीला वाटलं झेल घेतला गेला, म्हणून तो तिसऱ्या बेसवरून थेट डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकांकडे वळला. गेरिग त्याच्या पुढे निघून गेला आणि क्रम चुकला म्हणून बाद ठरला. होमरन गेला, नोंद झाली ती तीन बेसच्या फटक्याची, आणि हंगामाअखेर गेरिग आणि रूथ दोघेही ४६ होमरनवर बरोबरीत राहिले.