अपडेट टाकलं, पण ब्राउझर बंद कधी केलात?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने डेबियन लिनक्स टाकून दिलंय, छान चालतंय. पण सारखं फायरफॉक्सचं सिक्युरिटी अपडेट येतं. लिनक्सला व्हायरस लागत नाही ना, मग हे कशाला? आणि मित्राच्या फायरफॉक्सचा नंबर माझ्यापेक्षा बराच पुढचा आहे, मी मागे राहिलोय का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : व्हायरसचं राहू द्या हो बाजूला. ब्राउझर दिवसभर करतो काय, तर कुठल्या कोण लोकांनी पाठवलेले फोटो, व्हिडिओ, स्क्रिप्ट उघडत बसतो. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपी म्हणजे वेबपी प्रकारचे फोटो उघडणाऱ्या लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये) भोक सापडलं, मुद्दाम बिघडवलेला फोटो आला की ठरलेल्या जागेच्या बाहेर मेमरीत लिहिलं जायचं. आता ही लायब्ररी क्रोममध्येही आणि फायरफॉक्समध्येही, त्यामुळे लिनक्सवाले काही सुटले नाहीत, डेबियनला फायरफॉक्सचं वेगळं आणि लिबवेबपीचं वेगळं अशी दोन अपडेट काढावी लागली.

नंबरचं टेन्शन घेऊ नका. डेबियन फायरफॉक्सची ईएसआर म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती देतं, त्यात नवीन फीचर उशिरा येतात पण भोकं वेळेवर बुजवतात. 9 ऑक्टोबर 2024 ला ॲनिमेशनच्या कोडमधलं एक भोक बुजवलं, हल्लेखोर ते आधीच वापरत होते, तर त्याच दिवशी नेहमीच्या फायरफॉक्सचं 131.0.2 आलं आणि ईएसआरची 128.3.1 आणि 115.16.1 पण आली. म्हणजे 115 वाला आणि 131 वाला त्या बाबतीत सारखेच, पॉइंटच्या पुढचे आकडे बघायचे.

खरी गोची वेगळीच आहे. अपडेट झालं म्हणजे डिस्कवरची फाइल बदलली, पण उघडा असलेला फायरफॉक्स मेमरीतला जुनाच चालू राहतो, आणि लॅपटॉप नुसता झाकण लावून ठेवायची सवय असेल तर आठवडेच्या आठवडे तसाच. माझंच सांगतो, मी ऐटीत ॲप्ट अपग्रेड (डेबियनची अपडेट टाकायची कमांड) मारून मोकळा, आणि नंतर नवा टॅब उघडला तर आत रीस्टार्ट करा म्हणून पान! तरी मी तीन दिवस जुन्याच टॅबवर काम रेटलं, कारण काय तर चाळीस टॅब उघडे होते. (उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवाल्यांकडे ॲप टाकणारा स्नॅप तर ब्राउझर बंद करा म्हणून नोटिफिकेशन देतो, तेही आपण बाजूला सारतो.)

टॅब जायची भीती असेल तर सेटिंग्जमध्ये जनरलखाली मागचे विंडो आणि टॅब उघडण्याचा पर्याय आहे, तिथे टिक करा आणि बिनधास्त बंद करा.