सैन्य बरोबरीचं, तरी हार का?

युद्धाच्या डावपेचांच्या खेळांबद्दल आलेल्या या वेळच्या बहुतेक पत्रांतला सूर एकच आहे: खेळतो भरपूर, पण पुढे सरकत नाही. त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये मी कॉम्प्युटरला सगळ्यात अवघड पातळीवरही हरवतो. ऑनलाइन माणूस समोर आला की वीस मिनिटांत खेळ खल्लास. बचाव कसा सुधारू?

बचावाचं नंतर बघू. कॉम्प्युटरच्या सवयी ठरलेल्या असतात आणि तुम्ही त्या सवयींना हरवायला शिकला आहात. माणूस तुमची भिंत बघतो आणि बेत बदलतो. पण माझा अंदाज असा की तो तुमच्या दारात पोहोचायच्या कितीतरी आधीच तुम्ही हरलेले असता.

हिशोब बघा. गावकरी तयार व्हायला २५ सेकंद आणि ५० अन्न लागतं. म्हणजे टाउन सेंटर (गावकरी तयार करणारं मुख्य केंद्र) २५ सेकंद रिकामं बसलं की एक गावकरी कमी. फ्यूडल एजकडे, म्हणजे खेळातल्या पुढच्या युगाकडे, जाताना ते १३० सेकंद अडकतं, पण ते सगळ्यांचंच अडकतं. त्याखेरीज इकडे वीस सेकंद, तिकडे चाळीस असं करत पहिल्या पंधरा मिनिटांत तीन मिनिटं सहज वाया जातात. म्हणजे सात गावकरी आलेच नाहीत आणि त्यांनी तोडलं असतं ते लाकूड, खणलं असतं ते सोनंही आलं नाही. मग समोरून चार नाइट येतात, तुमच्याकडे भालेवाले दोनच असतात आणि तुम्हाला वाटतं बचाव कच्चा पडला.

हरलेल्या डावाचा रिप्ले (रेकॉर्डिंग) लावा आणि लढाईकडे अजिबात बघू नका. नजर फक्त टाउन सेंटरवर. ते पहिल्यांदा कधी थांबलं ती वेळ लिहा आणि शेजारी कारण लिहा. कारणं साधारण तीनच निघतात. अन्न संपलं होतं, म्हणजे लाकडावर माणसं जास्त लावली होती. घर बांधायचं राहिलं होतं: २५ लाकडाचं घर, पाच जणांची सोय, आणि त्यासाठी अख्खं उत्पादन ठप्प. किंवा सगळं होतं, पण तुम्ही स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) घेऊन शत्रूच्या मेंढ्यांमागे फिरत होता. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. तिसरं कारण असेल तर टाउन सेंटरची हॉटकी (ते लगेच निवडणारी कीबोर्डवरची कळ) बोटांना लावून घ्या; स्काउट कुठेही असो, दर काही सेकंदांनी ती दाबायचीच. एका आठवड्यात एकच कारण धरा. सगळं एकदम सुधारायला निघालेले लोक पुढच्या महिन्यात तेच पत्र पुन्हा पाठवतात.

प्रश्न: माझी आणि प्रतिस्पर्ध्याची फौज जवळपास सारखी असते, युनिटही एकाच जातीची. तरी लढाईनंतर त्याची अर्ध्याहून जास्त शिल्लक आणि माझी साफ. हे नशीब म्हणायचं का?

नाही, हे गणित आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ साली ते मांडलं. लांबून मारा करणाऱ्या आणि एकाच वेळी सगळे मारा करू शकतील अशा दोन फौजा भिडल्या, तर त्यांची ताकद संख्येच्या प्रमाणात नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात मोजावी लागते. १० विरुद्ध ८ घ्या. १०० वजा ६४ म्हणजे ३६, त्याचं वर्गमूळ ६. आठ जण मरतात आणि दहातले सहा उभे राहतात.

आता तुमची लढाई. दोघांकडे वीस-वीस तिरंदाज आहेत. त्याचे वीसही एकत्र उभे आहेत. तुमचे दहा आधी पोहोचले, दहा मागून येताहेत. पहिल्या टक्करीत ४०० वजा १००, म्हणजे त्याचे साधारण १७ उरले. मग तुमचे दुसरे दहा आले. ३०० वजा १००, त्याचे १४ उरले. वीस विरुद्ध वीस लढून तो चौदा घेऊन तुमच्या गावात शिरतो. पत्रात तुम्ही लिहिलंच आहे की रॅली पॉइंट, म्हणजे नवी युनिटं आपोआप जाऊन उभी राहतात ती जागा, थेट आघाडीवर लावता. तिथेच घोटाळा आहे. नवं युनिट बरॅकमधून बाहेर पडतं, एकटंच चालत जातं, एकटंच मरतं. रॅली पॉइंट आपल्या गावाच्या मागे आणा, जमवा, मग निघा. वाटेत लांबलचक रांग झाली असेल तर भिडण्याआधी दोन क्षण थांबा आणि मागच्यांना येऊ द्या.

संख्या कमी असेल तर हेच गणित उलटं वापरायचं. जंगलातली अरुंद वाट किंवा दोन इमारतींमधली फट गाठा. तिथे समोरच्याचे पुढचे थोडेच लढतात, मागचे नुसते ढकलाढकली करतात, आणि वर्गाचा फायदा बराचसा जातो. तलवारवाल्यांना हे जास्त लागू पडतं. तिरंदाज मागूनही मारतात.

आणखी एक. मेलेला तिरंदाज बाण सोडत नाही, जखमी मात्र पूर्ण ताकदीने सोडतो. म्हणून सगळ्यांना थोडं थोडं जखमी करण्यापेक्षा एकेकाला संपवणं बरं. पण तीस जणांना एकाच लक्ष्यावर लावलंत तर निम्मे बाण मढ्यावर पडतात. दोन-तीन गट करा. (प्रत्यक्ष युद्धात हे समीकरण इतकं सरळ चालत नाही, कारण माणसं घाबरतात, लपतात, पळतात. या खेळातले तिरंदाज शेवटच्या श्वासापर्यंत उभे राहतात, त्यामुळे लँचेस्टर इथे बराच जवळ येतो.)

प्रश्न: माझं वय ४७. बोटं पोरांइतकी चालत नाहीत. गेमिंग कीबोर्ड आणि माउस घेतला तर फरक पडेल?

हाताला बरं वाटेल, रेटिंगला फारसं नाही. वयाची शंका मात्र खरी आहे. २०१४ साली 'स्टारक्राफ्ट २' या अशाच खेळाच्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ खेळाडूंवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रतिक्रियेचा वेग चोविशीनंतरच मंदावायला लागतो, असं त्यात दिसलं. त्यातच हेही दिसलं की वयाने मोठे खेळाडू ही कसर दुसरीकडून भरून काढतात: सोपे डावपेच, इंटरफेसचा नेमका वापर. तुम्ही तेच करा. एकेका युनिटला नाचवावं लागतं असे डाव सोडा. मजबूत अर्थव्यवस्था, एक-दोनच प्रकारची युनिटं आणि हॉटकीवर बसवलेल्या इमारती एवढ्यावर मधल्या रेटिंगपर्यंत आरामात जाता येतं.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र दुसऱ्या महायुद्धावरचा षट्कोनी घरांचा खेळ ईमेलने चाली पाठवून खेळतो. मी प्रत्येक हल्ल्याची शक्यता तपासतो, ८० टक्क्यांखाली हातच घालत नाही. तरी चाल संपेपर्यंत माझी चढाई फसलेली असते.

तुमची आघाडी फोडायला ओळीने किती हल्ले यशस्वी व्हावे लागतात? तीन असतील तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१ टक्के. प्रत्येक पायरी भक्कम, आणि अख्खा जिना मात्र छापा-काटा.

म्हणून क्रम बदला. ज्या हल्ल्यावर बाकी सगळं अवलंबून आहे तो सर्वांत आधी करा, आणि तोवर रणगाडे जागचे हलवू नका. भगदाड पडलं तर ते त्यातून जातील. नाही पडलं तर दुसरीकडे वापरता येतील. बहुतेक जण चिलखती तुकड्या आधी पुढे आणून ठेवतात आणि फासे उलटे पडले की त्या तिथेच उघड्यावर राहतात. मग शत्रूला तुमच्याशी लढायचीही गरज नसते. तो मागची रसद तोडतो आणि पुढच्या चालीची वाट बघतो.

एक शंका विचारतो, रागावू नका. एकटे खेळताना हल्ला फसला की सेव्ह उघडून पुन्हा फासे टाकता का? या सवयीने भल्याभल्यांचा खेळ नासला आहे. फासे चांगले पडणारच असं धरून बेत आखायची खोड लागते आणि मित्रासमोर सेव्ह उघडता येत नाही. प्रशियाच्या लष्कराने १८२४ साली राइसवित्झ या अधिकाऱ्याचा क्रीगश्पील हा युद्धखेळ स्वीकारला, त्यात लढायांचा निकाल फाशांवर आणि तक्त्यांवर लागत असे. तिथेही बिघडलेला बेत अधिकाऱ्यांना पुढे निस्तरावाच लागे. दोन महिने रीलोड बंद करा. फसलेल्या हल्ल्यानंतरची चाल नीट खेळणं हेच तर शिकायचं आहे.

प्रश्न: सलग पाच हरलो. आता रँक्ड सामना लावायची भीती वाटते.

लॅडर, म्हणजे रँक्ड सामन्यांची ऑनलाइन क्रमवारी, तुम्हाला तोडीस तोड प्रतिस्पर्धी शोधून देतं, म्हणजे निम्मे सामने हरणं ठरलेलंच. अशा निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या १०० सामन्यांत कुठेतरी सलग पाच हारी येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते. तुमच्यावर काही वेगळं संकट कोसळलेलं नाही. हार-जितीवरून रेटिंग मोजणाऱ्या एलो पद्धतीत १०० रेटिंगने वरचढ असलेला खेळाडूही साधारण ६४ टक्केच गुण मिळवतो. दोन हारींनंतर उठा असं मी म्हणेन, पण रेटिंग वाचवायला नव्हे. चिडून लावलेल्या तिसऱ्या सामन्याचा रिप्ले बघण्यासारखाही नसतो.

प्रश्न: मोठ्या खेळाडूंच्या स्ट्रीम रोज दोन तास बघतो. उपयोग का होत नाही?

कारण तुम्ही बघता, ठरवत नाही. रेकॉर्ड केलेला सामना घ्या आणि शक्य असेल तर एकाच खेळाडूच्या नजरेतला, म्हणजे त्याला दिसत नाही ते तुम्हालाही दिसणार नाही. त्याचा स्काउट शत्रूच्या गावात पोहोचला की थांबवा. काय दिसलं आणि त्यावरून आता तो काय बांधेल, हे कागदावर लिहा, मग सुरू करा. अंदाज चुकला तर मागे जाऊन बघा, त्याला तिथे काय दिसलं होतं जे तुम्हाला दिसलं नाही. बहुधा एखादी इमारत असते, किंवा जिथे इमारत असायला हवी होती ती मोकळी जागा. अशा रीतीने वीस मिनिटांचा सामना बघायला तास लागेल. उरलेल्या तासात एक डाव खेळा.