नाटकातल्या बापाच्या नावाने

प्रश्न : सिनेमा, नाटक, मालिका किंवा रोजच्या एखाद्या साध्या प्रसंगातून तुम्हाला कधी आयुष्याचा धडा मिळाला आहे का?

हो, मिळाला आहे आणि तो एका ओळीत सांगता येतो. घरावर किती देणं आहे, कोणाचं आहे आणि किती व्याजाचं आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आकड्यासकट माहीत असायला हवं. बचत गटाच्या प्रशिक्षणात हेच आम्हाला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. मी वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण ते घरात उतरलं एका नाटकामुळे. कसं, ते सविस्तर सांगते.

मी ब्रह्मपुरीकडची. घरची धानाची, म्हणजे भाताची शेती आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या आमच्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, हलका धान निघाला की इथे नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवशी मांडव पडतो आणि रात्री दहाच्या पुढे सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. 2014 मध्ये पटावर बंदी आली, 2021 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने परवानगी दिल्यावर पट पुन्हा भरू लागले. मधल्या काळात नाटकं मात्र होत राहिली. नाटक असलं की घरोघरी पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. आजी, सून, नातू सगळे एकाच मांडवात, एकच गोष्ट बघत रात्र काढतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

त्या रात्रीचं नाटक कर्जात बुडालेल्या एका शेतकऱ्याचं होतं. आमच्याकडे हा विषय नवा नाही. दारू, हुंडा, भावाभावांतली वाटणी आणि कर्ज यांवर दर हंगामात नाटकं येतात. पहिल्या अंकात विनोदी नटाने मांडव हसवून सोडला होता. (झाडीपट्टीचा विनोदी नट हलक्यात घेऊ नका. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.) दुसऱ्या अंकात बापाच्या हातात जप्तीची नोटीस येते. तो ती चारदा घडी करून बंडीच्या खिशात घालतो. तेवढ्यात बायको पाण्याचा लोटा घेऊन येते आणि विचारते, "कसला कागद आहे जी?"

आमच्या नाटकांत तालमीला फार वेळ मिळत नाही, त्यामुळे प्रॉम्प्टर लागतोच आणि पुढच्या रांगांना त्याचा आवाज ऐकूही येतो. त्याने वाक्य दिलं, "काही नाही, सोसायटीच्या मीटिंगचा." नट बोलला नाही. प्रॉम्प्टरने पुन्हा तेच वाक्य दिलं. नट अजून गप्प, हात खिशावर. तेवढ्यात माझ्या शेजारी सतरंजीवर बसलेली एक बुढी गुडघ्यांवर उठली आणि स्टेजकडे बघून ओरडली, "कायले लपवतस गा? सांगून टाक ना तिले!"

कोणी हसलं नाही. नटाने त्या बाजूला पाहिलं, क्षणभर थांबला आणि मग ते खोटं वाक्य इतक्या हळू म्हणाला की माइकनेही जेमतेम पकडलं. एरवी दारूबंदीवरच्या भाषणाला शिट्ट्या मारणारी मागची पोरंसुद्धा चूप होती. आमचे हे पुरुषांच्या बाजूला बसले होते. मी मान वळवून बघितलं, तर ते खाली बघत होते.

सकाळी चुलीवर चहा ठेवला आणि मी एवढंच म्हणाले, "त्या बापाने सांगायला पाहिजे होतं ना जी?"

हे म्हणाले, "सांगून काय झालं असतं? तिच्याकडे का पैसे होते?"

मी म्हणाले, "पैसे नव्हते. पण माहीत असतं, तर तिने पोरीच्या लग्नात एवढा मोठा मांडव घालू दिला नसता."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बायकोले नाही सांगत, तं मायले तरी सांगाचं होतं." अर्धा तास आम्ही तिघं त्या नाटकातल्या बापाबद्दल बोलत होतो. त्याने सावकाराकडे जायला नको होतं, भावाला विचारायला हवं होतं, आधी बैल विकायचा की नाही, असं सगळं. आमच्या घराचा कोणी शब्दही काढला नाही. आणि मग चहाचा कप खाली ठेवून हेच म्हणाले, "आपलंही आहे थोडं."

थोडं नव्हतं. गावच्या सहकारी सोसायटीचं पीक कर्ज मला माहीत होतं. कृषी केंद्राची उधारी अंदाजाने माहीत होती. मोटरपंपासाठी मामेभावाकडून घेतलेले पैसे आणि शेकडा तीन रुपये महिन्याच्या व्याजाने उचललेली एक रक्कम, या दोन्हींचा मला पत्ताच नव्हता. दर वर्षी मला कोडं पडायचं की आम्ही धान चुरला, म्हणजे मळला, की लगेच व्यापाऱ्याला का देतो, आधारभूत खरेदी केंद्रावर का नेत नाही. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. व्यापारी त्याहून कमी देतो, पण रोख देतो. केंद्रावर नोंदणी करा, नंबराची वाट बघा, मग पैसे खात्यात यायची वाट बघा. महिन्याच्या व्याजाचा माणूस दारात उभा असताना तेवढं थांबता येत नाही. आकडे समोर आले तेव्हा ते कोडं सुटलं.

त्यानंतर आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. गटातून कमी व्याजाने कर्ज उचलून महिन्याच्या व्याजाची ती रक्कम आधी संपवली. सोसायटीचं कर्ज मुदतीत भरायचंच असं ठरवलं, कारण 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर त्यावर व्याज पडत नाही आणि मुदत चुकली की ती सवलत जाते. मामेभावाला मी स्वतः फोन करून सांगितलं की तुमचे पैसे दोन हंगामांत देऊ. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला माहीत आहे हे ऐकूनच बरं वाटलं." आता हिशोबाची वही मुलगी लिहिते. बारावीत आहे, व्याजाचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला करते.

तुम्ही विचाराल, यात नाटकाचं काय? नवरा-बायकोला हे असंही बोलता आलं असतं. नसतं आलं. "तुमच्यावर किती कर्ज आहे?" असं मी सरळ विचारलं असतं, तर यांना तो आरोप वाटला असता. आणि यांनी आपणहून सांगितलं असतं, तर ती हार वाटली असती. त्या बापाने आम्हाला तिसरा माणूस दिला. त्याच्या नावाने बोलता बोलता आमचं आम्हाला बोलता आलं. आणि आम्ही तिघांनी एकाच मांडवात, एकाच रात्री तो बाप पाहिला होता, म्हणून कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

हे एकदा कळल्यावर मला ते सगळीकडे दिसायला लागलं. रोवणीचंच, म्हणजे भाताच्या लावणीचंच बघा. रोवणीत आम्ही बायका बांधीत (धानाच्या खाचरात) रांगेने वाकून मागे मागे सरकत जातो. तोंड चिखलाकडे आणि हात पऱ्ह्यांच्या (रोपांच्या) पेंढीत, त्यामुळे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. गप्पा असतात रात्रीच्या मालिकेच्या. एका पावसाळ्यात आमच्यातली एक नवी सून मालिकेतल्या सुनेबद्दल पुन्हा पुन्हा एकच बोलत होती, "तिने माहेरी फोन कराले पाहिजे होता." आम्ही बाकीच्या आपल्या पुढच्या भागात काय होईल यावर बोलत होतो. आमच्यातल्या मोठ्या काकूंनी मात्र ते नीट ऐकलं. दुपारच्या शिदोरीनंतर त्या रांगेत तिच्या शेजारी येऊन लागल्या आणि वाकूनच विचारलं, "तुया माहेरी कोन कोन आहे वो?" पुढचं सगळं तिचं आहे, ते मी इथे सांगणार नाही. पण संध्याकाळच्या आत तिच्या भावाला निरोप गेला होता.

शिकलेली माणसं मालिकांना नावं ठेवतात, झाडीपट्टीच्या नाटकांना भडक म्हणतात. मला ते पटत नाही. नट मोठ्याने बोलतो, कारण मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या आजीलाही ऐकू जायला हवं. आणि मालिकेतली सून कितीही खोटी असली, तरी तिच्याबद्दल बोलणारीचं दुःख खरं असू शकतं. आमच्या विदर्भातल्या गाडगेबाबांना हे पक्कं ठाऊक असणार. ते कीर्तनात उपदेश कमी करत आणि लोकांना प्रश्न जास्त विचारत. हजारो लोकांबरोबर एका सुरात उत्तर देताना माणसाला लाज वाटत नाही आणि घरी जाताना ते उत्तर त्याच्याबरोबर जातं. कर्ज काढून सण करू नका, हे बाबांनी सांगितलं ते असंच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नाटक-सिनेमाच्या शेवटातून धडा घेऊ नका. आम्ही पाहिलेल्या नाटकात तिसऱ्या अंकात शहरातला मुलगा नोटांची बॅग घेऊन येतो आणि पहाटे सगळं कर्ज फिटतं. प्रेक्षकांना रात्रभर रडवून तसंच घरी पाठवता येत नाही, म्हणून तो शेवट असतो आणि मी त्याला वाईट म्हणत नाही. पण आपल्या कामाचं असतं ते मधल्या अंकात, जिथे माणूस खिशावर हात ठेवून उभा असतो. एखाद्या पात्राचा तुम्हाला गरजेपेक्षा जास्त राग आला किंवा एखाद्या साध्या वाक्याला घसा दाटला, तर तिथे थांबून बघा. आणि शक्यतो एकट्याने मोबाइलवर बघू नका. ज्यांच्याशी बोलायचं राहिलं आहे, त्यांच्या शेजारी बसून बघा.

कधी इकडे आलात तर भाऊबीजेनंतर या. गोंदिया-बल्लारशाह मार्गावर वडसा स्टेशन आहे. उतरून कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात विचारलं की आज रात्री कुठल्या गावात कोणतं नाटक आहे ते सांगतात. जाड पांघरूण बरोबर ठेवा, पहाटे थंडी फार पडते.