शिबिर संपल्यावर गडचिरोलीहून सांगलीपर्यंत एकट्याने बाइकवर यावं का?

या. बिनधास्त या.

तुम्ही लिहिलंय की गडचिरोलीजवळ शोधग्रामला (डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेत) 'निर्माण' या तरुणांच्या उपक्रमाचं शिबिर आहे, ते संपलं की बाइकवर एकट्याने शेती बघत सांगलीला यायचंय आणि घरचे म्हणतात, "शेतकऱ्याच्या पोरानं शेती बघायला पेट्रोल कशाला जाळायचं?" हे वाक्य माझ्या काकांचं आहे, अगदी शब्दन् शब्द. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर रस्ता काय, मोबाइलही दाखवतो.

मी तेच शिबिर करून असाच आलो होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. गाडी जाताना मिरजेतून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला पार्सल केली होती (टाकी रिकामी करावी लागते, गोणपाट गुंडाळून घ्या, हमालीचा भाव आधी ठरवा). येताना गडचिरोली, मूल, चंद्रपूर, वणी, यवतमाळ, उमरखेड, नांदेड, लातूर, सोलापूर, मिरज. ९०० किलोमीटरच्या आसपास. किती दिवस लागतील ते तुमच्या कंबरेला विचारा.

वैनगंगा ओलांडली की मूलपर्यंत धानाच्या बांध्या, कापणी चालू. चंद्रपूरनंतर माती काळी होते आणि वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे पऱ्हाटीच पऱ्हाटी, म्हणजे कापूस. घुग्घुस ते वणी मात्र कोळशाचे ट्रक आहेत, तिथे शेती बघत गाडी चालवू नका.

आता काका. काका एकदा यवतमाळकडे लग्नाला गेले होते. भर दुपारी लिंबाखाली माणसं झोपलेली दिसली आणि तेव्हापासून "विदर्भातला शेतकरी आळशी" हे वाक्य ते ताटात मीठ वाढावं तसं प्रत्येक जेवणात वाढतात. आमच्याकडे असं म्हणणारे काका एकटेच नाहीत, तुमच्याही घरात एखादे असतीलच.

मारेगावच्या पुढे माझी चेन उतरायला लागली. एका फाट्यावरच्या गॅरेजवाल्याने बसवून दिली, पण तोवर अंधार पडला. त्याने आपल्या चुलत्याकडे झोपायची सोय केली. पन्नाशीचा माणूस, चार एकर कोरडवाहू. जेवण झाल्यावर मला म्हणाला, "घरी झोपता का वावरात येता जी? मी त जागलीवर चाललो." जागल म्हणजे रात्रीची पिकाची राखण. गेलो.

वावराच्या मध्ये बांबूचं मचाण. वर एक घोंगडी, बॅटरी आणि तेलाचा रिकामा डबा, त्यात दगड. डब्याची दोरी खाली पऱ्हाटीतून पार बांधापर्यंत नेलेली. शेजारच्या तुकड्यात हरभरा नुकताच पेरला होता. मला वाटलं, अजून उगवलंच नाही तर राखायचं काय? तर रानडुक्कर पेरलेलं बीच खातं. नाक खुपसून ओळीच्या ओळी उकरत सरळ जातं, जणू उलटी पेरणी. सकाळी बघावं तर अर्धं वावर परत पेरायचं. तुरीला रोही (नीलगायी) असतातच. दर थोड्या वेळाने हा दोरी ओढायचा, खडखडाट व्हायचा, लांबून दुसऱ्या मचाणावरून कोणीतरी हाळी द्यायचं. अशा हाळ्या रात्रभर चालू होत्या, म्हणजे सगळी शिवारच जागी. मला मधे डुलकी लागली, त्याला नाही. पहाटे घरी आला, चहा घेतला, दव सुकल्यावर बायकोबरोबर वेचणीला. दुपारी जेवून लिंबाखाली आडवा झाला.

मी काकांचं बोलणं त्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "दिवसा येणारा मानूस दिवसाचंच पायते ना भाऊ."

घरी येऊन हे सांगितलं तर काका म्हणाले, "मग कुंपण घालावं." कुंपण! त्याला पैसा लागतो, आणि पैसा पाण्यामागून येतो. आमच्या मिरज पूर्वभागात पाणी आलं ते म्हैसाळ योजनेने कृष्णा पंपांनी उचलून वर आणली म्हणून. त्याआधी काकासुद्धा कोरडवाहू ज्वारीच करायचे आणि दुपारी झोपायचेही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, त्याचा त्यांना फार अभिमान, जणू यांनीच कळशीने भरलं. आणि घरात जो एचएमटी तांदूळ शिजतो तो कोणी शोधला? चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड नावाच्या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. दीड एकराचा शेतकरी, धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढून वर्षानुवर्षं लावत राहिला आणि वाण तयार केलं. २०१८ साली ते गेले. काका म्हणे, "एखादाच असतो." भात मात्र दोनदा घेतला.

तेव्हा रस्त्यात धाब्यावर थांबू नका, वावराच्या बांधावर थांबा. मुक्काम जमला तर शेतातच करा.

हां, काही गोष्टी राहिल्या. मूल, सावली, ब्रह्मपुरी हा वाघांचा पट्टा आहे, संध्याकाळनंतर तिथे दुचाकी नकोच. सोलापूरनंतर उसाच्या ट्रॉल्या लागतात, मागे दिवा नसतो, रात्री सरळ जाऊन धडकाल. मे महिन्यात हे सगळं करू नका, ऊन मारेल आणि रानात बघायलाही काही नसतं. आणि मी पुरुष आहे, अनोळखी वावरात रात्र काढणं मला सोपं गेलं. तुम्ही मुलगी असाल तर शिबिरातल्या विदर्भातल्या मित्रमैत्रिणींची घरं आधी ठरवून घ्या, तिकडचे लोक नाही म्हणत नाहीत.

काकांना येत्या फेब्रुवारीत परत यवतमाळला लग्नाला जायचंय. मी त्यांना म्हटलंय, जेवून लगेच निघू नका, रात्री थांबा.