काउंटरला जाळी ठोकण्याआधी एवढं वाचा

ताई, शटर उचकटून गल्ला नेला, म्हणून आता काउंटरला छतापर्यंत जाळी, आवाज टिपणारे आठ कॅमेरे आणि समोरच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावायचा, शिवाय ‘गाडी थेट शटरला लावता येते’ म्हणून दारातला रॅम्प फोडायचा, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. माझंही मेडिकलच आहे, तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या रस्त्याला. पाच वर्षांपूर्वी चोरी झाल्यावर यातलं बहुतेक सगळं मी करून बसलोय.

कुलूप दणकट हवं वगैरे सांगत नाही, ते तुम्हाला कळतं. माझ्याकडे दोन्ही बाजूंची कुलुपं शाबूत होती. पहार घालून शटर मधोमध वर वाकवलं होतं, एक सडपातळ माणूस आडवा सरकेल एवढं. गल्ल्यातले ३८ हजार गेले. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर गल्ल्याच्या खालच्याच कप्प्यात होता, तोही वायरी तोडून नेला, म्हणजे कॅमेरे असून नसल्यासारखे. जाताना मेन स्विच पाडून गेले. सकाळी फ्रीज उघडला तर इन्सुलिनच्या खोक्यांना ओल सुटलेली, कुपी हातात घेतली तर कोमट. २ ते ८ अंशांत राहायला हवा तो माल, सगळा बाद.

विम्याचं थोडक्यात सांगतो, नाहीतर माझा तोल जाईल. दुकान बंद असताना रोकड कुलूपबंद तिजोरीत नसेल तर भरपाई नाही, ही अट माझ्या पॉलिसीत छापलेली होती. मी वाचली नव्हती, ती चूक माझी. पण इन्सुलिनसाठी त्या ऑफिसनं चार महिने फिरवलं. आधी खरेदीची बिलं, मग बॅचवार यादी, मग ‘माल नष्ट केल्याचा दाखला’. तो देतं कोण, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. शेवटी नाद सोडला. तुमची पॉलिसी वेगळी असेल, एजंटाकडून लेखी घ्या. खराब झालेला माल फेकण्याआधी बॅच नंबर दिसतील असे फोटो काढा आणि पंचनाम्यात त्याचा उल्लेख करून घ्या.

पण चोरांनी नेलं त्याहून जास्त माझ्या जाळीनं नेलं. घाबरून आठवड्याभरात काउंटर बंदिस्त केलं, मध्ये वीतभर खिडकी ठेवली. गिऱ्हाईक वाकून बोलायचं, मला ऐकू यायचं नाही, मग ते ओरडून सांगायचं. पायरीवर उभी चार माणसं ऐकायची. टीबीच्या गोळ्या, पाळीचं, मूळव्याधीचं, सगळं ओरडून. वर चोराला धाक बसावा म्हणून स्क्रीन गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावला. एके दिवशी आमच्याच आळीतल्या एका मुलीनं गरोदरपणाची तपासणी करायचं किट मागितलं. मी ते काउंटरवर ठेवलं आणि वरच्या स्क्रीनवर पाकीट चांगलं मोठं दिसलं. मागे उभ्या बाईनं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पोरीनं पैसे ठेवले आणि किट न घेताच गेली. पुन्हा कधी आली नाही. तिच्या घरचा बीपी-शुगरचा महिन्याचा माल सात वर्षं माझ्याकडून जायचा, तोही थांबला. असे आणखी किती जण गेले, मला सांगता येणार नाही. मेडिकलवाल्याकडे माणूस विश्वासानं येतो, तो मी चव्हाट्यावर मांडला, हे अजून डाचतं.

वर्षभरानं जाळी काढली. आता रात्रीचा बंदोबस्त रात्रीपुरताच ठेवलाय. शटरला मधोमध जमिनीत जाणारं तिसरं कुलूप. शटरच्या आत सरकतं चॅनेल गेट, ते दिवसा बाजूला घडी होऊन बसतं, कुणाला दिसतही नाही. शटर हललं की वाजणारा भोंगा, बॅटरीवर चालणारा. आत एक दिवा रात्रभर चालू आणि शटरचा वरचा भाग जाळीचा, म्हणजे गस्तीवाल्याला आतलं दिसतं. गल्ला रात्री रिकामा करून उघडाच ठेवतो. दिवसाढवळ्या कुणी चाकू काढला तर पैसे देऊन टाका, अंगावर जाऊ नका. कामाला पोरगं असेल तर त्यालाही हे आधीच सांगून ठेवा.

कॅमेरे आठ कशाला? मला तीन पुरतात. एक दारात, डोक्याच्या उंचीवर, कारण छतावरून नुसत्या टोप्या दिसतात. एक गल्ल्यावर, एक मागच्या दाराला. काउंटरवर रोखलेला एकही नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंदवही, चौकटीत येता कामा नये, त्यात पेशंटचं नाव असतं, टीबीची औषधंही त्यातच चढतात. आवाज बंद. ‘कॅमेरा चालू आहे’ ही पाटी दारावर. डीव्हीआर माळ्यावर, भिंतीला बोल्ट केलेल्या पेटीत. त्याचं घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी जुळवा, माझ्या शेजाऱ्याच्या फुटेजवर वेळ सहा तास मागे होती.

फुटेज पोलिसांना देताना नुसता पेनड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नका. मी वकील नाही, पण कॉपी पुरावा म्हणून चालायला सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावरून हाच वाद झाला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रमाणपत्र आवश्यकच ठरवलं.

आणि रॅम्प. तो कृपा करून फोडू नका. माझ्याकडे एक निवृत्त मास्तर व्हीलचेअरवर येतात, त्यांना दर वेळी दोन माणसांनी उचलायचं का? गाडीची भीती असेल तर रॅम्पच्या तोंडाशी तीन-तीन फुटांवर लोखंडी खुंट रोवा. व्हीलचेअर निघते, गाडी निघत नाही. फक्त ते स्वतःच्या जागेत रोवा, फुटपाथवर रोवाल तर नगरपालिका उपटून नेईल. उतार एकास बारा ठेवा, म्हणजे सहा इंच ओट्याला सहा फूट लांबी. जाळीच्या खर्चात काउंटरचा एक तुकडा अडीच फूट उंचीचा करून घ्या. बसलेल्या माणसाला तिथे हळू आवाजात बोलता येतं. मी केलाय, आता म्हाताऱ्या बायकाही तिथेच येऊन टेकतात.

तुमच्या ओट्याची उंची आणि शटरची रुंदी कळवा. आमच्या फॅब्रिकेटरनं गेट आणि खुंटांची मापं चिठ्ठीवर लिहून दिली होती, ती सापडली की फोटो टाकतो.