चिनी वाक्प्रचारांतला ड्रॅगन: शब्दार्थ, मूळ कथा आणि आजचा रूढार्थ

एका वाचकाने विचारले आहे की, चिनी लेखाच्या अनुवादात 'या शेवटच्या ओळीने ड्रॅगनला बुबुळे मिळाली' असे वाक्य त्यांना आढळले. त्याचा नेमका अर्थ काय, ड्रॅगनवरून चिनी भाषेत आणखी कोणते वाक्प्रचार आहेत आणि मराठीत ते कसे सांगावेत?

त्या वाक्याचा अर्थ 'या शेवटच्या ओळीने सगळ्या लेखात प्राण आला' असा आहे. बाकीच्या प्रश्नांना मात्र विस्ताराने उत्तर द्यावे लागेल, कारण या वाक्प्रचारांचा अर्थ केवळ त्यांतल्या शब्दांवरून लावायला गेल्यास तो बहुधा चुकतो, आणि ज्या प्राचीन ग्रंथातून ते निघाले त्यातल्या प्रसंगावरून लावायला गेल्यासही काही वेळा चुकतो. शब्द, मूळ प्रसंग आणि आजचा वापर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

चिनी भाषेत या वाक्प्रचारांना छंग-यू म्हणतात. त्यांतले बहुतेक चार अक्षरांचे असतात आणि पुष्कळसे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतून आलेले असतात. ड्रॅगनला चिनी शब्द लुंग. (येथे दिलेले सर्व उच्चार जवळपासचे आहेत, चिनी स्वरांचे चढउतार देवनागरीत दाखवता येत नाहीत.) हा लुंग युरोपीय कथांतल्या आग ओकणाऱ्या, वीराच्या हातून मरणाऱ्या प्राण्यासारखा नाही. तो पाण्याचा, ढगांचा आणि पावसाचा धनी आहे. त्यामुळे सम्राट, थोर पुरुष, अंगच्या गुणांनी वर येणारा माणूस, या सर्वांसाठी त्याची प्रतिमा वापरली जाते. भारतीय वाचकाला यात एक ओळखीची खूण सापडेल: बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे झाली तेव्हा संस्कृतातल्या 'नाग' या शब्दासाठी लुंग हाच शब्द योजला गेला, आणि आचार्य नागार्जुन चिनी भाषेत लुंग-शू झाले.

आता विचारलेला वाक्प्रचार. ह्वा-लुंग-त्येन-चिंग म्हणजे 'ड्रॅगन रंगवून बुबुळांचे ठिपके देणे'. सहाव्या शतकात, दक्षिणेकडच्या ल्यांग वंशाच्या राजवटीत, चांग संग-याओ नावाचा चित्रकार होऊन गेला. सम्राट वू (राज्यकाल 502 ते 549) बुद्धमंदिरे सजवून घेत असे आणि ती कामे बहुतकरून चांगकडे येत. आजच्या नानचिंगमधल्या आन-ल मंदिराच्या भिंतीवर त्याने चार पांढरे ड्रॅगन काढले, पण त्यांची बुबुळे काढली नाहीत. विचारल्यावर तो म्हणे की, ठिपके दिले तर ते उडून जातील. लोकांना ती थाप वाटली आणि त्यांनी फारच आग्रह धरला, तेव्हा त्याने दोघांना ठिपके दिले. क्षणात वीज कडाडली, भिंत फुटली आणि ते दोन ड्रॅगन ढगांवर आरूढ होऊन आकाशात गेले. बुबुळे नसलेले दोघे भिंतीवरच राहिले. नवव्या शतकातल्या एका चित्रकारचरित्रात ही कथा आली आहे. कथेबाहेरचा चांगही आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. नानचिंगच्याच दुसऱ्या एका मंदिराच्या दारावर त्याने भारतीय पद्धतीने फुले रंगवली होती, जी लांबून उठावाची दिसत आणि जवळ गेल्यावर सपाट आहेत असे कळे, अशी नोंद आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहिलेल्या वाचकाला छायेने उठाव दाखवण्याची ती रीत निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या वाक्प्रचाराचा आजचा अर्थ मूळ कथेला धरून आहे: बाकी सगळे तयार असताना नेमक्या जागी दिलेला छोटासा स्पर्श, ज्याने संपूर्ण कृती जिवंत होते. लेखाचे शीर्षक, भाषणातले एक वाक्य, बागेतला एक दगड अशा कशाविषयीही तो वापरता येतो. मराठीत 'कळस चढवणे' हा वाक्प्रचार चटकन सुचतो, पण तो मला पुरेसा वाटत नाही, कारण कळस म्हणजे कार्याची परिसीमा आणि चिनी वाक्प्रचाराचा सगळा भर स्पर्श किती लहान आहे यावर आहे. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सरावलेल्या कारागिराकडेच सोपवतात आणि ती झाल्यावर कालपर्यंत नुसती रंगवलेली मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. चिनी वाक्प्रचारातला भाव हाच आहे. याच्या उलट बाजूलाही एक वाक्प्रचार आहे: ह्वा-श-थ्येन-त्सू, म्हणजे 'साप काढून त्याला पाय जोडणे'. पैजेत सर्वांआधी साप काढून झालेला माणूस उरलेल्या वेळात सापाला पाय काढत बसला आणि हातचे मद्य गमावून बसला, अशी त्याची कथा आहे. एका भरीने कृती सजीव होते, दुसरीने ती बिघडते. म्हणून हे दोन वाक्प्रचार नेहमी शेजारी ठेवून शिकावेत.

ये-कुंग-हाओ-लुंग, म्हणजे 'ये-कुंगचे ड्रॅगनप्रेम', हा मला या सर्वांत अधिक खोल वाटतो. छू राज्यातल्या ये प्रांताचा अधिपती ये-कुंग याला ड्रॅगनचे इतके वेड की, कमरपट्ट्याच्या आकड्यावर, मद्याच्या पात्रांवर, घराच्या कोरीव कामात, जिथे तिथे ड्रॅगन. हे ऐकून आकाशातला खरा ड्रॅगन खाली उतरला. खिडकीतून त्याने डोके आत घातले आणि शेपूट दिवाणखान्यात पसरली. त्याला पाहताच ये-कुंगचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो जीव घेऊन पळाला. हान वंशाच्या काळातल्या ल्यू श्यांग या विद्वानाच्या संग्रहात ही कथा कन्फ्यूशियसचा शिष्य त्स-चांग याच्या तोंडी आहे. लू राज्याचा अधिपती आय विद्वानांचा चाहता म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या भेटीसाठी त्स-चांग लांबचा प्रवास करून आला आणि सात दिवस ताटकळला, पण अधिपतीने त्याची दखलच घेतली नाही. तेव्हा त्स-चांगने निघताना निरोप ठेवला की, महाराजांना विद्वान आवडत नाहीत, विद्वानांसारखे दिसणारे पण विद्वान नसलेले लोक आवडतात. मराठीत यासाठी 'खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे' ही म्हण सुचवली जाते, ती मात्र येथे लागू पडत नाही. त्या म्हणीत लबाडी आहे. ये-कुंग लबाड नाही, आपले प्रेम खरे आहे अशी त्याची स्वतःची प्रामाणिक समजूत आहे. राजकीय लेखनात याच अर्थाने या वाक्प्रचाराचा गाजलेला वापर माओने 1927 मध्ये हूनानच्या शेतकरी चळवळीवरील अहवालात केला: जनतेला जागे करा असे रोज म्हणायचे आणि जनता खरोखर उठली की भीतीने अर्धमेले व्हायचे, यात आणि ये-कुंगच्या ड्रॅगनप्रेमात फरक काय, असा त्याचा सवाल होता. इतिहासातल्या ये-कुंगवर या कथेने अन्यायच केला, हेही नोंदवले पाहिजे. शन चू-ल्यांग नावाचा हा सरदार कन्फ्यूशियसशी राज्यकारभारावर बोलला होता आणि इ.स.पू. 479 मध्ये छू राज्यातले मोठे बंड त्याने मोडून काढले होते. तरी आज चीनमध्ये त्याचे नाव भित्र्या हौशी माणसाचे नाव म्हणून उरले आहे.

अर्थ पार उलटला, असे उदाहरण छ्युन-लुंग-वू-शोउ हे आहे. शब्दशः अर्थ 'ड्रॅगनांचा समूह, मस्तक नाही', आणि आजचा अर्थ निर्नायकी. नेता गेला, पक्ष विस्कळीत झाला, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, अशा वेळी तो वापरतात. पण याचे मूळ असलेल्या यी चिंग या प्राचीन शकुनग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात मस्तक नसलेला ड्रॅगनांचा समूह दिसणे हे शुभ म्हटले आहे: सगळेच समर्थ आहेत आणि कोणी कोणावर वरचढ होऊ पाहत नाही, असा त्याचा अर्थ भाष्यकार लावतात. म्हणून जुना चिनी ग्रंथ वाचताना आजचा अर्थ त्यात घुसवू नये. मराठीत 'बारभाई कारभार' हा याचा प्रतिशब्द होईल का, असा विचार मी केला, पण बारभाईत अनेक कारभारी असतात आणि चिनी वाक्प्रचारात एकही नसतो, तेव्हा 'निर्नायकी' हाच शब्द नेमका आहे.

छ-श्वेइ-मा-लुंग, म्हणजे 'रथ पाण्यासारखे, घोडे ड्रॅगनसारखे', याची वाटचाल तर तीन टप्प्यांची आहे. पहिल्या शतकात हान वंशाची राजमाता मा हिच्या भावांना सरदारक्या द्याव्यात असा सम्राटाचा मानस होता आणि तिने तो मोडून काढला. माहेरची मंडळी आधीच किती ऐषारामात आहेत हे सांगताना ती म्हणाली की, त्यांच्याकडे येणाऱ्यांचे रथ वाहत्या पाण्यासारखे आणि घोडे पोहणाऱ्या ड्रॅगनांसारखे दिसले, नोकरांचे कपडेही माझ्या सारथ्याच्या कपड्यांहून भारी होते. मी रागावले नाही, फक्त त्यांचा सालाचा खर्च बंद केला. येथे हे शब्द निषेधाचे आहेत. दहाव्या शतकात दक्षिण थांग राज्याचा अखेरचा राजा ली यू याने 975 मध्ये राज्य गमावल्यावर रचलेल्या कवितेत तेच शब्द हरवलेल्या वैभवाच्या स्वप्नासाठी आले. आज ते भर रस्त्यावरच्या वर्दळीचे साधे वर्णन झाले आहेत, आणि शाळकरी मुलेही निबंधात बाजारपेठेविषयी ते सहज लिहितात.

राजदरबाराशी निगडित असा आणखी एक प्रयोग फक्त दोन अक्षरांचा आहे: नी-लिन, म्हणजे 'उलटे खवले'. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला राजनीतीचा विचारवंत हान फेइ याने लिहिले आहे की, ड्रॅगन माणसाळवता येतो, त्यावर स्वारही होता येते, पण त्याच्या गळ्याखाली वीतभर जागेत उलटे खवले असतात आणि त्यांना ज्याचा हात लागेल तो वाचत नाही; राजालाही असे खवले असतात, आणि सल्लागाराने त्यांना धक्का न लावता बोलावे. मराठीतल्या 'शेपटीवर पाय देणे' या प्रयोगाशी याचे साम्य आहे; आजकाल एखाद्याच्या सर्वांत हळव्या विषयासाठीही तो वापरला जातो, तेव्हा 'दुखरी नस' हे भाषांतर अधिक जुळते. राजाला पटवून देणे किती अवघड असते याची इतकी सूक्ष्म मांडणी करणाऱ्या हान फेइचा शेवट इ.स.पू. 233 मध्ये छिन राज्याच्या तुरुंगात झाला, ही वस्तुस्थिती तो उतारा वाचताना मन अस्वस्थ करते.

उरलेल्यांपैकी काही थोडक्यात सांगतो. थू-लुंग-च-ची म्हणजे 'ड्रॅगन कापण्याची विद्या': च्वांग त्स या ग्रंथातल्या एका माणसाने घरची सारी संपत्ती खर्चून तीन वर्षांत ती आत्मसात केली आणि मग कापायला ड्रॅगनच मिळेना, जिला व्यवहारात जागाच नाही अशा विद्येविषयी हे म्हणतात. वांग-त्स-छंग-लुंग म्हणजे मुलगा ड्रॅगन व्हावा ही आईबापांची आस, आणि मुलीसाठी याचीच फिनिक्सची जोडी आहे. त्यामागे पीत नदीवरच्या लुंग-मन या अरुंद खिंडीचा संदर्भ आहे, जी उडी मारून पार करणारा मासा ड्रॅगन होतो असे मानत; पूर्वी शाही परीक्षा उत्तीर्ण होण्याला ही उपमा देत. लुंग-मा-चिंग-शन, म्हणजे दंतकथांतल्या ड्रॅगनसारख्या घोड्याचा जोम, ही उतारवयातही टिकलेल्या उत्साहाची स्तुती असून नववर्षाच्या शुभेच्छांत ती हमखास ऐकू येते. लाय-लुंग-छ्यु-माय हा भूमीची शुभाशुभता पाहणाऱ्यांच्या परिभाषेतून आलेला प्रयोग आहे, ज्यात डोंगररांगेला ड्रॅगन मानतात आणि ती कोठून येते, कोठे जाते हे पाहतात. आज त्याचा अर्थ एखाद्या प्रकरणाची आदिपासून अंतापर्यंतची हकीकत एवढाच उरला आहे.

शेवटी एक सावधगिरी, जी अनुवादकांनी विशेष बाळगावी. लाओ-थाय-लुंग-चुंग यात ड्रॅगनचेच अक्षर लिहिले जाते, पण तेथे ड्रॅगन नाही. लुंग-चुंग हा जुळ्या नादाचा एक अखंड शब्द आहे आणि त्यातली अक्षरे केवळ उच्चारासाठी घेतली आहेत. शब्दकोश उघडून एकेका अक्षराचा अर्थ लावला तर हाती काही लागत नाही. वार्धक्याने थकलेला, पाय लटपटणारा माणूस असा त्याचा अर्थ असल्यामुळे मराठीत 'जराजर्जर' एवढेच म्हणावे.