रनवेवर आपोआप लागणारे लाल दिवे असले की टक्कर टळते का?

बऱ्याच अंशी हो, पण सगळं त्यांच्यावर सोडता येत नाही. आपल्या इंदूरला थंडीत धुकं पडलं की फ्लाइट लेट होते आणि लोकं वैतागतात, पण अशा वेळी खरा धोका जमिनीवरच असतो, एक विमान रनवेवर धावतंय आणि दुसरं चुकून टॅक्सीवेवरून (रनवेकडे जायच्या रस्त्यावरून) मध्ये घुसतंय. २००१ मध्ये मिलानच्या लिनाते एअरपोर्टवर धुक्यात असंच झालं, ११८ माणसं गेली आणि तेव्हा तिथलं ग्राउंड रडार (जमिनीवरची विमानं दाखवणारं) चालू नव्हतं.

अमेरिकेत काही मोठ्या एअरपोर्टवर 'रनवे स्टेटस लाइट्स' आहेत. जमिनीवरच्या रडारवरून सिस्टमला कळतं कोणतं विमान कुठे आहे, आणि रनवे रिकामा नसेल तर तोंडाशीच जमिनीत बसवलेले लाल दिवे आपोआप लागतात, टॉवरमधल्या कंट्रोलरने बटण दाबायची गरजच नाही, टेकऑफला उभ्या असलेल्या विमानासाठी रनवेवर वेगळे दिवे असतात. कंट्रोलर गडबडीत चुकला तरी पायलटला थेट दिसतं ना, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

फक्त एक, दिवे विझले म्हणजे परवानगी मिळाली असं नाही हं! परवानगी टॉवरचीच लागते. आणि लाल दिसलं की थांबायचंच, आपल्या इंदूरच्या पलासिया चौकातल्या सिग्नलसारखं इकडेतिकडे बघून निघायचं नाही :) शिवाय मेन्टेनन्स हवाच, २०२४ मध्ये टोकियोच्या हानेडाला टक्कर झाली तेव्हा तिथले स्टॉप बारचे, म्हणजे रनवेच्या तोंडाशी विमानाला थांबवणारे लाल दिवे मेन्टेनन्ससाठी बंदच होते.